संगणकाचा अभ्यास, भाग ७ : हातचा विसरला तर

गेल्या आठवड्यात आपण ऑपरेटिंग सिस्टिमपाशी थांबलो होतो. बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या पेपरात तिच्या जोडीला डेटा स्ट्रक्चर्स, सी प्लस प्लस आणि एचटीएमएल येते. आज दुसऱ्या पेपरातला ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर घेऊ. दोनशे गुणांच्या या बायफोकल विषयात मुले सर्वात जास्त याच भागाला घाबरतात.

त्याचे उदाहरण शोधायला शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणाजवळच्या भातसानगरच्या मुलांना दूर जायला नको. मुंबई महापालिकेच्या हिशेबात या धरणाचा उपयुक्त साठा आहे ७,१७,०३७ दशलक्ष लिटर. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सातही तलावांचा मिळून १४,४७,३६३, म्हणजे जवळजवळ निम्मे पाणी एकट्या भातसाचे. आता भातसाचा आकडा ८०८५ मध्ये लिहून पाहा. मावत नाही! या प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये आठ घरे असतात आणि प्रत्येक घरात फक्त शून्य किंवा एक. त्यामुळे त्यात २५५ च्या पुढचा आकडा बसत नाही. दोन रजिस्टरांची जोडी केली तरी मजल ६५,५३५ पर्यंतच जाते. भातसासाठी आठ-आठ घरांचे तीन बाइट लागतात : १०, २४० आणि २३७. पहिल्याला ६५,५३६ ने गुणायचे, दुसऱ्याला २५६ ने, तिसरा तसाच मिळवायचा. करून पाहा, ७,१७,०३७ च येतात.

आता त्यात शहापूर तालुक्यातल्याच तानसाचे १,४५,०८० मिळवू. त्याचे तीन बाइट २, ५४, १८४. बेरीज उजवीकडून सुरू करायची, अगदी दुसरीच्या वर्गात करतात तशी. २३७ आणि १८४ मिळून ४२१ होतात. त्यातले २५६ वजा करून १६५ खाली लिहायचे आणि हातचा एक. मधल्या बाइटमध्ये २४०, ५४ आणि तो हातचा मिळून २९५. खाली ३९, पुन्हा हातचा एक. शेवटी १०, २ आणि १ मिळून १३. उत्तर १३, ३९, १६५, म्हणजे ८,६२,११७. बरोबर.

हा हातचा प्रोसेसर कॅरी फ्लॅगमध्ये ठेवतो. पहिल्या बेरजेला ‘एडीडी’ ही आज्ञा चालते, पण पुढच्या दोन्हींना ‘एडीसी’च हवी, कारण हातचा धरून बेरीज तीच करते. तिन्ही ठिकाणी ‘एडीडी’ लिहिले तर यंत्र कुरकुर करणार नाही, लाल दिवा लावणार नाही. ते शांतपणे ७,९६,३२५ असे उत्तर देईल. ६५,७९२ दशलक्ष लिटर पाणी कागदावरून नाहीसे! विहार आणि तुळशी या दोन तलावांचा मिळूनही साठा त्याहून कमी, ३५,७४४ एवढाच आहे. चूक मात्र एका आज्ञेची.

इंटेलने ८०८५ आणला तो १९७६ मध्ये. इतकी जुनी चिप आज कशाला शिकायची, असे मुले विचारतात, पालकही विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण आजच्या प्रोसेसरच्या पोटात काय चालते ते कोणत्याही विद्यार्थ्याला एका वर्षात पूर्ण कळणे शक्य नाही. ८०८५ चे कळते. त्याची रजिस्टरे बोटांवर मोजता येतात, प्रत्येक आज्ञेने काय बदलले ते वहीत मांडता येते. एमएस-सीआयटीसारख्या कोर्सातून संगणक वापरता येतो आणि त्याचा उपयोग आहेच. इथे मात्र आकडा कुठे ठेवला, कुठे सांडला, हे शोधण्याची सवय लागते. म्हणूनच प्रॅक्टिकलचे जर्नल मित्राचे पाहून उतरवणारा मुलगा या विषयातले सगळ्यात मोलाचे गमावतो. तोंडी परीक्षेत ‘एडीसी का?’ एवढे विचारले तरी ते उघडे पडते. शिक्षकांनी तो प्रश्न जरूर विचारावा, आणि पुस्तकातल्या आकड्यांऐवजी गावातले आकडे द्यावेत.

पुढच्या भागात डेटा स्ट्रक्चर्समधली ‘क्यू’ पाहू. धरण उशाशी असूनही उन्हाळ्यात शहापूरच्या ज्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, त्यांचे उदाहरण तिथे घेऊ. तोवर एक काम करा. मोडकसागरचे १,२८,९२५ तीन बाइटमध्ये मांडा, आजच्या उत्तरात हातचे धरून मिळवा आणि १५, ३१, ६६ येतात का ते ताडून पाहा.