डांबराच्या पोटातलं पाणी

डांबर आणि पाणी यांचं हाडवैर आपण दर पावसाळ्यात रस्तोरस्ती पाहतो. म्हणूनच जुना रस्ता खरवडून त्याच मालाचा नवा थर करताना त्यात मुद्दाम पाणी घालतात, हे ऐकल्यावर आधी विश्वासच बसेना.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हे काम बरंच चालतं. यंत्रांची एक वरातच रस्त्यावरून सरकते : पुढचं यंत्र वरचा 5 ते 10 सेंटिमीटर थर खरवडतं, मागचं तोच माल कालवून पसरतं, शेवटी रोलर. माल तापवायचाच नाही. पण थंड खडीला डांबर चिकटावं कसं? एक वाट इमल्शनची. दुधात स्निग्धांश असतो तसे डांबराचे थेंब पाण्यात तरंगत ठेवायचे. दूध नासलं तर आपण हळहळतो. इथे ते नासावंच लागतं, तेव्हाच डांबर सुटं होऊन खडीला धरतं. दुसरी वाट फेसाची : 160-180 अंशांच्या डांबरात दोन-तीन टक्के गार पाणी सोडलं की वाफ होऊन ते दहा-पंधरा पट फुगतं. डांबराला असा फेस आणण्याची कल्पना 1956 सालची, आयोवा स्टेट विद्यापीठातल्याच लॅडिस चान्यी यांची. त्यांनी वाफ वापरली होती. गार पाणी नंतर आलं.

काम झालं की पाण्याने निघून जायला हवं. वरून गरम डांबराचा थर घातला की झाकण बसतं, आणि अडकलेलं पाणी खडीवरचं डांबर सोलत राहतं. म्हणून तिकडे रुळलेली अट अशी, की ओल दीड टक्क्यावर आल्याशिवाय झाकण नाही. दहा सेंटिमीटर जाडीच्या एका चौरस मीटरचं वजन साधारण 200 किलो. म्हणजे त्यात फक्त तीन लिटर पाणी चालेल.

ते मोजायचं कसं? तुकडा उकरून 110 अंशांवर वाळवा, आधीचं आणि नंतरचं वजन घ्या. खात्रीचा उपाय, पण वेळखाऊ; शिवाय नव्या रस्त्याला भोक पडतं.

मग न्यूट्रॉनचं यंत्र. गोटी भिंतीवर आपटली तर उसळून परत येते, पण तेवढ्याच वजनाच्या गोटीवर समोरासमोर बसली तर जागीच थबकते. न्यूट्रॉन आणि हायड्रोजनचं अणुकेंद्र अशाच जोडीच्या गोट्या. यंत्र न्यूट्रॉन सोडतं, हायड्रोजनमुळे मंदावलेले मोजतं आणि त्यावरून पाण्याचा अंदाज बांधतं. मातीत हे छान जमतं. डांबरात मात्र गंमत होते : पाण्याच्या वजनात 11 टक्के हायड्रोजन, आणि डांबराच्या वजनात सुमारे 10! मिश्रणात 5 टक्के डांबर असेल, तर ठणठणीत कोरडा रस्ताही या यंत्राला चार-साडेचार टक्के ओला वाटेल. वैरीच पाण्याचं सोंग घेऊन बसलेला.

हे सोंग विजेपुढे टिकत नाही. पाण्याच्या रेणूचं एक टोक धन, दुसरं ऋण. विद्युतक्षेत्रात तो लगेच वळतो. विद्युतक्षेत्राला मिळणाऱ्या अशा प्रतिसादाचं माप हवेला 1, डांबराला 3 च्या आत, खडीला साधारण 4 ते 8, आणि पाण्याला तब्बल 80. हे माप जितकं मोठं, तितका विद्युतचुंबकीय स्पंद मंद; पाण्यात तो नऊपट मंदावतो. थरात पोलादी काड्या रोवायच्या, स्पंद सोडायचा आणि तो परतायला किती उशीर होतो ते पाहायचं. हा उशीर सेकंदाच्या अब्जांशांत मोजला जातो, आणि त्यातून ओल कळते!

तरी पाण्याचा तो 80 आकडाही 20 अंशांचा. 40 अंशांवर तो 73 होतो, आणि काळा रस्ता दुपारी त्याहून तापतो. म्हणून यंत्र कितीही चलाख असो, त्याचा आकडा खरा मानण्याआधी त्याच मालाचा एक नमुना ओव्हनमध्ये जातोच.