दिसेल तेवढेच

चित्रकार म्हणून माझी कीर्ती आमच्या बँकेपुरतीच होती, पण होती! कॅलेंडरावरचा हिमालय, मासिकातली काश्मिरी मुलगी, साहेबांच्या कैलासवासी वडिलांचा फोटो, समोर ठेवाल ते मी हुबेहूब उतरवून देई. आमच्या सौ.चे मत मात्र निराळे होते. "नकलाच करायच्या, तर त्या फोटोलाच चौकट करून लावा की! रंग तरी वाचतील."

पुढे बदली होऊन चंद्रपूरला आलो आणि नानांची गाठ पडली. नाना म्हणजे निवृत्त चित्रकलाशिक्षक. दर रविवारी चार-पाच मंडळी गोळा करून ते उघड्यावर चित्रे काढायला निघत. मंडळींत एक औषधविक्रेते, शाळेतल्या एक बाई आणि कॉलेजात शिकणारा एक मुलगा. नियम दोनच. फोटो घ्यायचा नाही, आणि संध्याकाळी सगळ्यांनी आपापली वही ओळीने उघडून ठेवायची.

२०११ च्या डिसेंबरात शनिवार-रविवार जोडून आम्ही मार्कंड्याला गेलो. मूलवरून चामोर्शीकडे जाताना दोन्ही बाजूंच्या बांध्यांत धानाचे पुंजणे उभे होते आणि थंडीने बोटे आखडली होती. १९८२ साली चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी हे गाव आहे. एरवी दक्षिणेकडे धावणारी नदी इथे वळण घेऊन उत्तरवाहिनी होते. त्यामुळे या जागेला तीर्थाचे महत्त्व, आणि महाशिवरात्रीला मोठी जत्रा. तटाच्या आत लहानमोठी मंदिरे दाटीने उभी आहेत. १८७३ ते १८७५ या काळात मध्य प्रांतात दौरा करणाऱ्या जनरल कनिंगहॅम यांनी एकट्या मुख्य मंदिरावर ४०९ मूर्ती मोजल्या होत्या. त्यांनी ४०९ मोजल्या; मला एक काढता येईल की नाही, एवढाच प्रश्न होता.

कामाला लागण्यापूर्वी नानांनी नेहमीचा पाठ दिला. "डोळे अर्धे मिटा. बारकावे जातील, उजेड नि सावली उरेल. आधी सावलीची जागा आखा, कारण तासाभरात ती तिथे राहायची नाही. कागदाचा पांढरा तोच तुमचा उजेड, तो राखा." मग रंगांच्या नळ्या काढता काढता त्यांनी सांगितले, की १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या नळीत रंग भरायची युक्ती काढली आणि त्यामुळे तैलरंग घेऊन रानावनात बसणे सोपे झाले. कोल्हापूरच्या कोटितीर्थाच्या काठी बसणाऱ्या आबालाल रहिमानांची आठवणही त्यांनी काढली.

मी मंदिराच्या भिंतीवरची एक सुंदरी निवडली. पहिला तास खोडण्यातच गेला. फोटोतला माणूस सपाट असतो आणि जागचा हलत नाही. इथे ऊन पुढे सरकले, की सुंदरी तोंड फिरवल्यासारखी दिसे. शेवटी मी युक्ती केली. समोर पाहणे कमी केले आणि हाताच्या सवयीने चित्र पुरे केले. पापण्या, कंकणे, नाजूक बोटे, सारे झकास जमले.

संध्याकाळी वह्या मांडल्या. माझ्या पानाची वाहवा झाली. नानांच्या पानावर मात्र निळसर-करड्या रंगाचे तीन मोठे ठोकळे आणि खाली नदीची एक पांढरी पट्टी, एवढेच. यशाच्या धुंदीत मी म्हणालो, "नाना, मूर्ती कुठे गेल्या? कंटाळा केलात वाटतं!"

"मला दिसल्या नाहीत हो," नाना शांतपणे म्हणाले, "म्हणून काढल्या नाहीत."

कोणी काही बोलेना. परतताना बाईंनी मला हलकेच सांगितले, की काचबिंदूने नानांचा एक डोळा गेला होता आणि दुसऱ्याचीही नजर आकसत चालली होती.

रात्रभर झोप लागली नाही. उजाडताच एकटाच देवळाकडे गेलो आणि सुंदरीसमोर उभा राहिलो. तिच्या उजव्या हाताला मनगटाच्या पुढे काहीच नव्हते. बोटे केव्हाच तुटून गेली होती! दोन धड डोळे असून मी ती नसलेली बोटे रंगवली होती, आणि नजर जात असलेल्या माणसाने न दिसलेली एक रेघही ओढली नव्हती.

नवे पान उघडून मी ते तुटलेले मनगटच काढले. दोन तास लागले. मग घाटावर बेलफूल विकणाऱ्या म्हातारीचे पाच मिनिटांत एक रेखाटन केले. ती वाकून पाहत म्हणाली, "हे मी आहो का जी?" मी होकार दिला. "मंग नाक बराबर हाय," ती म्हणाली. इतकी वर्षे मिळालेल्या वाहवांत एवढा आनंद मला झाला नव्हता.

नाना नदीकाठी बसले होते. मी त्यांच्या पायाशी बसलो, कालच्या बोलण्याची क्षमा मागितली आणि बोटांची गोष्टही सांगून टाकली. ते मोठ्याने हसले. "अहो, तीस वर्षं पोरांना हेच सांगत आलो. मला स्वतःला ते आत्ता नीट कळतंय." मग पलीकडच्या तीराकडे हात करून म्हणाले, "तो डोंगा कुठल्या रंगाचा दिसतो, सांगा बघू."

"काळा," मी म्हणालो.

"नीट बघा."

नीट पाहिले. डोंगा जांभळट होता, आणि पाण्याला टेकलेल्या कडेवर उन्हाची तांबूस रेघ होती. मी सांगत गेलो आणि नाना रंग कालवत गेले.

पुढे त्यांची नजर फारच मंदावली, पण रविवार चुकला नाही. त्यांची घडीची खुर्ची मी घेई आणि समोरचे दृश्य त्यांना बोलून दाखवी. बोलून दाखवायचे म्हटले, की आधी नीट पाहावे लागते! माझ्या चित्रकलेचे खरे शिक्षण झाले असेल, तर ते असे झाले. सौ. आता रंगांच्या खर्चाबद्दल बोलत नाही. त्या तुटलेल्या मनगटाला मात्र तिने आपणहून चौकट करून आणली.