सागरी प्लवकांतील जीवदीप्तीचे उद्दीपन

नोव्हेंबर २०२० मध्ये जुहू व देवगड येथील लाटा रात्री निळसर प्रकाशाने उजळल्या. शहरांचे सांडपाणी समुद्रात गेल्यानेच पाणी चकाकते, असा समज अशा वेळी सहज होतो. अंबरनाथ-उल्हासनगरातून वाहणारी वालधुनी उल्हास नदीस मिळते व ते पाणी खाडीवाटे अरबी समुद्रास जाते. तेव्हा ह्या समजाची छाननी आपणांस परकी नाही. वस्तुतः प्लवकांची वाढ आणि त्यांचे प्रकाशणे ह्या दोन भिन्न घटना असून त्यांची कारणेही भिन्न आहेत.

आपल्या किनाऱ्यावर हा प्रकाश बहुधा नॉक्टिल्यूका ह्या एकपेशीय डायनोफ्लॅजेलेटाचा असतो. निश्चल पाण्यात ही पेशी सहसा प्रकाशत नाही. लाट फुटली वा वल्हे फिरले म्हणजे लगतच्या जलस्तरांचे वेग असमान होऊन पेशीच्या पृष्ठभागावर ताण पडतो. हेच उद्दीपन होय. त्यासरशी पेशीतील मोठ्या रिक्तिकेच्या पटलावरून विद्युत्-आवेग पसरतो. हा आवेग व चमक ह्यांचा संबंध रॉजर एकर्ट ह्यांनी १९६५ मध्ये दाखवून दिला. आवेगामुळे पटलातील प्रोटॉन-मार्ग उघडत असावेत, असे फोगेल व हेस्टिंग्ज ह्यांनी १९७२ मध्ये सुचविले. तशा मार्गाचे जनुक दुसऱ्या एका डायनोफ्लॅजेलेटात सापडावयास २०११ साल उजाडले. रिक्तिकेतील द्रव आम्लधर्मी असतो. तेथील प्रोटॉन सिंटिलॉन नामक सूक्ष्म कोशांत शिरताच त्यांचे पीएच मूल्य सुमारे ८ वरून ६ च्या आसपास उतरते, ल्युसिफेरेज हे एंझाइम कार्यप्रवण होते आणि ल्युसिफेरिनाचे ऑक्सिडीकरण होऊन निळा प्रकाश बाहेर पडतो. एक चमक सेकंदाच्या दशांशाइतकी टिकते. (फॉस्फरसाचा येथे काहीच संबंध नाही, ‘स्फुरदीप्ति’ हा जुना शब्द आता सोडलेला बरा.)

पडताळा सोपा आहे. समुद्राच्या पाण्याचा ताजा नमुना अंधारात स्थिर ठेवून त्यात सौम्य ॲसेटिक आम्लाचे काही थेंब हलकेच सोडावेत. ढवळल्यावाचून पाणी उजळते. ताणाची पायरी वगळून आम्लानेच काम साधलेले असते.

सांडपाण्याचा भाग येतो तो संख्येत. त्यातील नत्र व फॉस्फेट ह्यांवर डायाटम पोसतात आणि डायाटम हे नॉक्टिल्यूकाचे भक्ष्य. उत्तर अरबी समुद्रातील हिरव्या नॉक्टिल्यूकाच्या उद्रेकांस मात्र पाण्यातील प्राणवायूची कमतरता कारण असल्याचे मत २०१४ मध्ये मांडले गेले. त्यास पुढे भारतीय संशोधकांनीच हरकत घेतली असून तो वाद मिटलेला नाही.

म्हणून लाटा किती उजळल्या ह्यावरून प्रदूषणाचे माप काढता येत नाही. वारा पडलेल्या रात्री दाट प्लवकही अंधारात राहतात, तर खवळलेल्या पाण्यात विरळ प्लवकही चमकतात. संख्या हवी असल्यास जाळीने नमुना घेऊन ती सूक्ष्मदर्शकाखालीच मोजावी लागते.