गोटी सोडा, बंटा आणि शीतपेय

नव्याने दिल्लीस आलेल्या मराठी माणसाने चांदणी चौकात ‘गोटी सोडा’ मागितला, तर दुकानदार क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहत राहतो. वस्तू तर समोरच बर्फाच्या लादीवर मांडलेली असते. अडतो तो केवळ शब्द. दिल्लीत तिला ‘बंटा’ म्हणतात. पंजाबीत बंटा म्हणजे गोटीच. तमिळ मुलुखातील ‘गोली सोडा’ या नावातही तीच गोटी आहे. तथापि एक फरक वाचकांनी ध्यानी घ्यावा. आपण गोटीपुढे ‘सोडा’ जोडतो. दिल्लीकराने गोटीलाच पेयाचे नाव बहाल केले आणि तो खुशाल ‘बंटा पितो’!

ही बाटली मूळची इंग्लंडातील. हायरम कॉड नामक अभियंत्याने १८७०च्या दशकात ती सिद्ध केली. आतील वायूच्या दाबाने काचेची गोटी गळ्यातील रबरी कड्यावर घट्ट बसते. वेगळे बूच नकोच. जपानात अशाच बाटलीतील पेयास ‘रामुने’ म्हणतात. तो ‘लेमोनेड’चा अपभ्रंश होय. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडचे ‘सोडा-लेमन’ हे त्याचेच भावंड.

लिंबाच्या सरबताची कथा याहून गमतीची आहे. दिल्लीकडे ते ‘शिकंजी’ होते. जवळच्या मोदीनगरची शिकंजी तर नामांकित. फारसीत सिरका आणि मध यांच्या पेयास ‘सिकंजबीन’ म्हणत. आज पेल्यात ना सिरका, ना मध. नाव तेवढे उरले. आपले पन्हे व येथील ‘पन्ना’ ही मात्र दोन्ही संस्कृत ‘पानका’ची लेकरे, तेथे दुभाष्या लागत नाही.

खरी पंचाईत होते ती अनुवादकाची. ‘ठंडा लेंगे?’ असे दिल्लीच्या यजमानाने विचारले की बाटलीतले पेय समजावे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी कोका-कोलाने जाहिरातीत याच शब्दावर हक्क सांगितला, तो उगाच नव्हे. मराठीत त्यासाठी ‘शीतपेय’ लिहितात. शब्द निर्दोष आहे. परंतु दुकानात ‘एक शीतपेय द्या’ असे म्हणणारा गृहस्थ आपण कधी पाहिला आहे काय? पाहुण्यास आपण ‘काही थंड घेणार का?’ असेच विचारतो. हिंदी कथेतील दोन शेजाऱ्यांच्या तोंडी ‘शीतपेय’ घातले, की ती बिचारी सरकारी परिपत्रकातून बोलू लागतात. तेथे ‘थंड’च लिहावे. ‘बंटा’ मात्र बंटाच राहू द्यावा; त्याचा ‘गोटी सोडा’ केला, तर कथा चांदणी चौकातून उठून थेट दादरला जाऊन बसेल.