कथाचित्रकाराची प्रतिभा : बीट्रिक्स पॉटर यांच्या निर्मितिप्रक्रियेचा विचार

कथाचित्रकाराच्या प्रेरणेविषयी सामान्यतः दोन मते आढळतात. पहिल्या मताप्रमाणे त्याची प्रेरणा उसनी असते. लेखकाने शब्दांत जे मांडले ते रेषांत उतरविणे एवढेच त्याचे कार्य, आणि म्हणून चित्रकलेच्या क्षेत्रात त्याचे स्थान दुय्यम. दुसऱ्या मताप्रमाणे चित्र हे एखाद्या भाग्यशाली क्षणी अकस्मात स्फुरते आणि त्या क्षणापलीकडे त्याची कारणमीमांसा संभवत नाही. ही दोन्ही मते परस्परविरोधी दिसत असली तरी त्यांचा परिणाम एकच होतो. चित्र प्रत्यक्षात कसे घडले हा प्रश्न दोन्हींमध्ये अविचारितच राहतो.

भारतीय काव्यशास्त्राने काव्यहेतूंची जी चर्चा केली आहे ती या बाबतीत मार्गदर्शक ठरण्याजोगी आहे. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास अशी तीन अंगे सांगितली. त्यांपैकी निपुणता ही लोकव्यवहार, शास्त्रे आणि पूर्वकवींची काव्ये यांच्या अवलोकनाने येते, तर अभ्यास हा जाणकारांच्या मार्गदर्शनाखाली करावयाचा असतो. विशेष म्हणजे ही तीन अंगे म्हणजे तीन स्वतंत्र कारणे नव्हेत, तिन्ही मिळून एकच हेतू होतो, असा त्याचा आग्रह आहे. हा विचार काव्यापुरताच मर्यादित आहे की चित्रनिर्मितीलाही तो लागू पडतो, हे पाहण्यासाठी इंग्रज कथाचित्रकर्त्री बीट्रिक्स पॉटर (१८६६–१९४३) यांचे उदाहरण अत्यंत सोयीचे आहे. कथा आणि चित्रे दोन्ही त्यांचीच असल्यामुळे उसन्या प्रेरणेचा प्रश्न येथे उद्भवत नाही. शिवाय त्यांची पत्रे, रेखाटनवह्या, खाजगी आवृत्त्या आणि १८८१ ते १८९७ या काळात सांकेतिक लिपीत लिहिलेली रोजनिशी हे सर्व साहित्य उपलब्ध आहे. ती लिपी लेस्ली लिंडर यांनी १९५८ साली उलगडली आणि १९६६ साली रोजनिशी प्रसिद्ध झाली.

प्रथम लोकावलोकनाचा विचार करू. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातील एका सधन घरात पॉटर यांचे बालपण गेले. त्या शाळेत गेल्या नाहीत. शिक्षण घरीच, खाजगी शिक्षिकांकडून झाले. धाकटा भाऊ बर्ट्रम आणि त्या अशा दोघांनी आपल्या खोलीत ससे, उंदीर, सरडे, बेडूक, वटवाघळे असे नाना प्राणी पाळले होते. जिवंत असताना या प्राण्यांची चित्रे काढली जात; एखादा मेला की त्याचा सांगाडा स्वच्छ करून हाडांची रचना अभ्यासली जाई. उन्हाळ्याचे महिने स्कॉटलंडमध्ये आणि १८८२ पासून इंग्लंडच्या सरोवर प्रदेशात जात असल्याने वनस्पती आणि भूदृश्य यांचाही परिचय वाढत गेला. सशाचे त्वचेखालचे शरीर ज्यांना ठाऊक होते अशा हातांनी पुढे सशाला निळा कोट चढविला, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

शास्त्रावलोकनाचा प्रत्यय त्यांच्या अळंबीविषयक चित्रांत येतो. १८९० नंतरच्या दशकात त्यांनी अळंबी आणि इतर कवके यांची शेकडो जलरंगचित्रे काढली. स्कॉटलंडमधील चार्ल्स मॅकिंटॉश या निसर्गज्ञ टपालवाल्याचे त्यांना या कामी साहाय्य झाले. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंच्या अंकुरणाचा अभ्यास करून त्यांनी एक निबंध सिद्ध केला. १ एप्रिल १८९७ रोजी तो लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडण्यात आला. परंतु स्त्रियांना त्या काळी सभेस उपस्थित राहता येत नसल्यामुळे त्या स्वतः तेथे नव्हत्या. निबंध पुढे परत घेण्यात आला आणि त्याची संहिता आज उपलब्ध नाही. चित्रे मात्र टिकली. त्यांतील ५९ चित्रे १९६७ साली कवकांवरील एका शास्त्रीय ग्रंथात समाविष्ट झाली. चित्रकर्तीच्या मृत्यूनंतर दोन तपांनी शास्त्रज्ञांना उपयुक्त वाटावीत इतकी ती अचूक होती.

पूर्वसूरींच्या कृतींचे अवलोकन हे निपुणतेचे तिसरे अंग. पॉटर यांचे वडील रूपर्ट हे हौशी छायाचित्रकार होते आणि रँडॉल्फ कॅल्डेकॉट या कथाचित्रकाराची मूळ चित्रे त्यांच्या संग्रही होती. विख्यात चित्रकार जॉन एव्हरेट मिले यांच्याशी त्यांचा स्नेह होता. चित्र काढणारे पुष्कळ असतात, पण निरीक्षण तुझ्यापाशी आहे, अशा आशयाचे मिले यांचे उद्गार पॉटर यांनी नोंदवून ठेवले आहेत. कॅल्डेकॉटकडून त्यांना मिळाला तो कथनाचा धडा : मोकळ्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकच क्षण मांडावयाचा आणि शब्दांनी जे सांगितले नाही ते चित्राने सांगावयाचे.

आता ज्याला स्फूर्तीचा क्षण म्हणता येईल त्याकडे वळता येईल. ४ सप्टेंबर १८९३ रोजी स्कॉटलंडमधील डंकेल्ड येथून पॉटर यांनी आपल्या पूर्वीच्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला, पाच वर्षांच्या नोएल मूरला, पत्र लिहिले. कळविण्याजोगे काही सुचत नसल्यामुळे त्यांनी चार सशांची गोष्ट चित्रांसह लिहून पाठविली. हीच ‘पीटर रॅबिट’ची पहिली संहिता होय. दुसऱ्याच दिवशी नोएलच्या भावाला धाडलेल्या पत्रात मासे धरणाऱ्या बेडकाची कथा आली; ती १९०६ साली पुस्तकरूप पावली. हा क्षण खरोखरच विलक्षण आहे. परंतु त्यापूर्वी तीन वर्षे, १८९० साली, आपल्या पाळीव सशाला नमुना म्हणून बसवून काढलेली शुभेच्छापत्रांची चित्रे त्यांनी विकली होती आणि पीटर नावाचा प्रत्यक्ष ससा पत्र लिहिताना त्यांच्या घरी नांदत होता. आजारी बालक हे निमित्त झाले. सामग्री वर्षानुवर्षे साठत आली होती.

पत्रापासून पुस्तकापर्यंतचा प्रवास हा अभ्यासाचा प्रांत आहे. सुमारे सात वर्षांनी पॉटर यांनी ते पत्र परत मागून घेतले, त्याची नक्कल केली, कथा वाढविली आणि नवी चित्रे काढली. अनेक प्रकाशकांनी नकार दिल्यावर डिसेंबर १९०१ मध्ये २५० प्रतींची खाजगी आवृत्ती स्वखर्चाने काढली. फ्रेडरिक वॉर्न आणि कंपनीने पुस्तक स्वीकारले ते चित्रे रंगीत करण्याच्या अटीवर. सशाचा तपकिरी आणि झाडापानांचा हिरवा, एवढ्या दोनच रंगांत पाहण्यासारखे काय असणार, अशी पॉटर यांची प्रथम शंका होती. अखेर त्यांनी चित्रे पुन्हा काढली, काही गाळली आणि ऑक्टोबर १९०२ मध्ये पुस्तक बाहेर पडले. पुस्तकाचा आकार लहान मुलांच्या हातात मावेल एवढा असावा आणि किंमत माफक असावी, याविषयी त्या आग्रही होत्या. मम्मटाने ज्या जाणकाराचा उल्लेख केला त्याची भूमिका येथे संपादक नॉर्मन वॉर्न यांनी बजावली. शब्दांची काटछाट, चित्रांचा क्रम, रेषेचा दोष अशा प्रत्येक बाबीवर दोघांचा पत्रव्यवहार होई. ‘टू बॅड माइस’ (१९०४) या पुस्तकासाठी नॉर्मन यांनी उंदरांचे निरीक्षण करता यावे म्हणून काचेचा दर्शनी भाग असलेले घरटे बनविले आणि आपल्या पुतणीच्या बाहुलीघराची छायाचित्रे पुरविली. १९०५ साली विवाह ठरल्यानंतर महिनाभरातच नॉर्मन यांचा मृत्यू झाला.

मात्र ही सर्व दक्षता अद्भुताला मारक ठरली नाही काय, असा प्रश्न कोणी विचारील. ‘टेलर ऑफ ग्लॉस्टर’ (१९०३) या पुस्तकाचे उदाहरण येथे बोलके आहे. रात्रीत शिवून पूर्ण झालेल्या जाकिटाची दंतकथा पॉटर यांनी ग्लॉस्टरशायरमधील नातलगांकडे ऐकली. त्या कथेसाठी त्यांनी ग्लॉस्टरमधील गल्ल्या रेखाटल्या आणि साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातील अठराव्या शतकातील वस्त्रांची टाक्यानिशी चित्रे काढली. उंदीर भरतकाम करतात ही गोष्ट असंभाव्य खरी. पण जाकीट, टाका आणि उंदराचा पंजा या तिन्ही गोष्टी खऱ्या असल्यामुळे असंभाव्यावर विश्वास बसतो.

‘पीटर रॅबिट’मध्ये हे तत्त्व अधिक खोलवर गेले आहे. जोडे आणि कोट घातलेला पीटर दोन पायांवर वावरतो. मॅकग्रेगर पाठीस लागताच त्याचे जोडे हरवतात, आणि मग तो चारी पायांवर अधिक वेगाने धावतो. कोटाची बटणे जाळ्यात अडकतात आणि कोट टाकून दिला तेव्हाच प्राण वाचतो. वस्त्र हे माणूसपणाचे चिन्ह आणि वस्त्राखालचा ससा हे त्याचे सत्य; संकटकाळी सत्यच तारते. सशाच्या हाडांचे ज्ञान नसते तर हा अर्थ चित्रात उतरलाच नसता. येथे निरीक्षण हीच कल्पनेची भूमी झाली आहे.

याचा उलट पुरावाही उपलब्ध आहे. मनुष्याकृती काढण्यात पॉटर यांना यश येत नसे. मॅकग्रेगर दांपत्याच्या चित्रांनी त्यांना बराच त्रास दिला. ज्याचे अवलोकन बालपणापासून झाले नव्हते तेथे रेषा अडखळली. तसेच १९०५ साली सॉरी येथील हिल टॉप हे शेतघर विकत घेतल्यानंतर तेथील जिना, चूल, फाटक, परसबाग ही स्थळे त्यांच्या पुस्तकांत जशीच्या तशी येऊ लागली. १९१३ सालच्या विवाहानंतर शेती आणि मेंढपालन यांनी त्यांचे चित्त व्यापले, दृष्टीही मंदावत गेली, आणि नवी पुस्तके विरळ झाली.

तथापि निपुणता आणि अभ्यास यांनी सर्व उलगडा झाला असे मानणे चुकीचे होईल. कवकांचे सूक्ष्म निरीक्षक त्या काळी इतरही होते. सशांची अचूक चित्रे काढणारेही होते. त्यांपैकी कोणाच्या हातून पीटर जन्मला नाही. जे उरते त्याला मम्मटाने शक्ती म्हटले आणि तिला काव्याचे बीज मानले. परंतु बीजाची किंमत सांगताना मातीचा आणि मशागतीचा विसर पडता कामा नये. कथाचित्रकाराचे मूल्यमापन करणाऱ्या अभ्यासकाने छापील चित्रावरच न थांबता रेखाटनवही, पत्र आणि रद्द केलेले चित्र यांकडे वळले पाहिजे. कारण तीन अंगांचा मिळून एक हेतू कसा होतो हे तेथेच प्रत्यक्ष पाहावयास सापडते.