आयुष्यात एकदाच

लग्न आणि काशीयात्रा या दोन गोष्टी माणसाने आयुष्यात एकदाच कराव्यात, असे आमचे आजोबा म्हणत. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात या यादीत तिसरी भर आहे. ती म्हणजे वाळवंटी बिगहॉर्न मेंढ्याची शिकार. सहसा सरकारी सोडतीत नाव निघाले तरच परवाना मिळतो, आणि एकदा मेंढा मारला की या जातीपुरती बंदूक जन्मभर खुंटीला!

फिनिक्सला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो, तेव्हा तिच्या शेजारच्या सत्तरीतल्या गृहस्थांचे नाव नुकतेच निघाले होते. तीस वर्षे ते अर्ज भरीत होते. निकाल जुलैत, शिकार डिसेंबरात. मधल्या पाच महिन्यांत मुलीच्या लग्नालाही होत नसेल एवढी तयारी त्यांनी केली.

कोफाचे डोंगर आपल्या सह्याद्रीसारखेच ज्वालामुखीतून जन्मलेले. हिरवाई मात्र नावालाच. उन्हाळ्यात मेंढ्या कातळातल्या पाण्याच्या कुंडांभोवती राहतात, म्हणून पाहणी तेव्हाच करायची. पण पाऊस झाला की त्या पांगतात, तेव्हा नकाशावर दुसरी-तिसरी जागाही हेरून ठेवायची. पहाटे तिकाटण्यावर दुर्बीण लावून तासन्‌तास बसायचे. अंग खडकाच्याच रंगाचे असल्याने मेंढा दिसतो तो मागच्या पांढऱ्या ठिपक्यामुळे. शिंगांवरच्या वळ्यांवरून वय अजमावायचे आणि म्हातारा नरच निवडायचा. माणशी रोज चार लिटर पाणी, मोटारीची दोन जादा चाके, आणि खिशात एक साधा कंगवा! कंगवा भांग पाडायला नव्हे, चोया नावाच्या निवडुंगाचे काटे अंगातून उपसायला.

वाचकहो, आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीचे पर्व संपले. तेव्हा हा खटाटोप पाहून मी जरा कुत्सितपणेच विचारले, “एवढे प्रेम, तर मारता कशाला?” म्हाताऱ्याने शांतपणे इतिहास सांगितला. पाळीव मेंढ्यांचे रोग आणि बेसुमार शिकार यांनी हे जनावर नामशेष होऊ लागले, तेव्हा १९३६ मध्ये बालवीरांनी मोहीम उभारली. १९३९ साली कोफा व काबेसा प्रिएटा ही पंधरा लाख एकरांहून मोठी दोन अभयारण्ये राखली गेली. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यप्राण्यांच्या कामी लागला. मला सगळे पटले असे नाही. पण माझा कुत्सितपणा तेवढा उतरला.

जानेवारीत बहिणीचे पत्र आले. अखेरच्या दिवशी त्यांना हवा तसा मेंढा सापडला, पण उभा होता तो सुळक्याच्या ओठावर. गोळी लागती, तर धूड अशा दरीत पडते की जिथे उतरणेच शक्य नाही. मांस आणता येत नसेल तर मारायचे नाही, हा त्यांच्या आखणीतला पहिलाच नियम होता. त्यांनी बंदूक खाली ठेवली आणि तो दिसेनासा होईपर्यंत दुर्बिणीतून पाहत राहिले.

मेंढा मारला नाही, म्हणून कायद्याने त्यांना पुन्हा अर्ज करता येतो. मात्र वर्षानुवर्षे साठलेले सोडतीचे गुण शून्यावर आले. वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून अर्ज भरला आहे.

कंगवा म्हणे अजून खिशातच आहे.