नियमांतून सूट : टेक्सासमधील शाळांचा अनुभव

आपल्या शाळेतून शिकून गेलेले काही विद्यार्थी आज अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ह्यूस्टन आणि डॅलसच्या परिसरात, स्थायिक झाले आहेत. त्यांची मुले तेथील सरकारी शाळांत शिकतात. त्यांच्याशी बोलताना ‘डिस्ट्रिक्ट ऑफ इनोव्हेशन’ हा शब्दप्रयोग आमच्या कानी वारंवार पडला. ‘आमच्या डिस्ट्रिक्टने राज्याच्या नियमांतून सूट घेतली आहे’, असे ते सांगतात. ही सूट कशातून मिळते, ती कोण घेते आणि तिचा भार कोणावर पडतो, हे समजून घेण्याचा आम्ही येथे प्रयत्न केला आहे.

प्रथम एक खुलासा करावयास हवा. तेथील ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणजे आपला महसुली जिल्हा नव्हे. ते शाळा चालविणारे स्वतंत्र स्थानिक मंडळ असते. त्याचे विश्वस्त मतदार निवडून देतात आणि घरादारांवर कर बसविण्याचा अधिकारही त्याला असतो. टेक्सासमध्ये अशी मंडळे एक हजाराहून अधिक आहेत. कुठे दोन लाखांच्या आसपास विद्यार्थी, तर कुठे सारी शाळा मिळून शे-दोनशे मुले. या सर्वांना राज्याचा शिक्षण कायदा मात्र एकच.

एकच माप सर्वांना कसे बसावे, ही तक्रार जुनी होती. १९९५ साली राज्याने ‘चार्टर’ शाळांना परवानगी दिली आणि त्यांना अनेक नियमांतून मोकळे ठेवले. तेव्हा जुन्या मंडळांनी साहजिकच विचारले, की सरकारी पैशावरच चालणाऱ्या त्या शाळांना जी मोकळीक, ती आम्हांला का नाही? अखेर २०१५ साली विधिमंडळाने कायदा केला. राज्याच्या मूल्यमापनात समाधानकारक ठरलेल्या डिस्ट्रिक्टने आपली योजना तयार करावी, कोणते नियम नकोत ते त्यात नमूद करावे आणि जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी त्यांतून मुक्त व्हावे, अशी ती तरतूद आहे. आजपर्यंत आठशेहून अधिक डिस्ट्रिक्टांनी हा मार्ग धरला आहे. अपवाद म्हणून केलेली सोय अशा रीतीने बहुतेकांचा नित्यक्रम झाली.

सर्वांत लोकप्रिय सूट आहे ती शाळा सुरू होण्याच्या तारखेची. ऑगस्टच्या चौथ्या सोमवारापूर्वी शाळा उघडू नये, असा राज्याचा नियम. तो करताना पर्यटन व्यवसायाचा आग्रह मोठा होता. उन्हाळी सुट्टी लांबली की त्या धंद्याचा हंगामही लांबतो! शाळांना मात्र पहिले सत्र नाताळपूर्वी परीक्षांसह संपविणे सोयीचे वाटते. अशा नियमातून डिस्ट्रिक्ट बाहेर पडले, तर कोणाचे फारसे बिघडत नाही. येथे स्थानिक शहाणपणाला वाव द्यावा, असेच आम्हांला वाटते.

वर्गसंख्येचा नियम या जातीचा नाही. बालवर्गापासून चौथीपर्यंत एका वर्गात २२ हून अधिक मुले नसावीत, ही मर्यादा १९८४ च्या शिक्षण सुधारणा कायद्यातून आली. तेवीसावे मूल आले तर वर्ग फोडावा किंवा राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे खास परवानगी मागावी लागे. वर्षाच्या मध्यावर दोन मुले वाढली म्हणून नवा शिक्षक आणणे लहान गावाला जड जाते, हे खरे. पण नवी सूट घेतलेल्या डिस्ट्रिक्टला ही परवानगी मागण्याचेही कारण उरत नाही.

सर्वांत गंभीर सूट आहे ती शिक्षकांच्या प्रमाणपत्राची. तिची मूळ कल्पना चुकीची नव्हती. वेल्डिंग शिकवायला वीस वर्षे वेल्डिंग केलेला कारागीर मिळत असेल, तर शिक्षकाचे प्रमाणपत्र नाही म्हणून त्याला दाराबाहेर का ठेवावे? परंतु दार उघडले ते केवळ कारागिरांसाठी राहिले नाही. करोनानंतर शिक्षकांची टंचाई वाढली आणि प्रमाणपत्र नसलेली माणसे वाचन-गणिताच्या वर्गांवरही नेमली जाऊ लागली. २०२३-२४ साली राज्यात नव्याने नेमलेल्या शिक्षकांपैकी सुमारे एक तृतीयांश अशा प्रकारचे होते. टेक्सास टेक विद्यापीठाच्या अभ्यासात असे आढळले, की अशा नवख्या शिक्षकांच्या हाताखालील मुले वाचनात सुमारे चार महिने आणि गणितात सुमारे तीन महिने मागे पडतात. ज्यांना पूर्वी शाळेत काम केल्याचा अनुभव होता, त्यांच्या वर्गांत हा तोटा दिसला नाही. वर्गावर प्रमाणपत्र नसलेला शिक्षक असेल तर पालकांना तसे कळवावे, असाही नियम होता. काही डिस्ट्रिक्टांनी त्यातूनही सूट घेतली. ही गोष्ट आम्हांला सर्वांत खटकली. शिक्षक मिळत नाही ही अडचण समजू शकते. पालकांना न सांगण्याची कसली अडचण?

कायदा करणाऱ्यांनी काही नियम हाताबाहेरच ठेवले, हेही सांगितले पाहिजे. अभ्यासक्रम, पदवीसाठीच्या अटी आणि राज्याच्या परीक्षा यांतून सूट मिळत नाही. अपंग मुलांचे हक्क आणि वंशभेदाविरुद्धचे कायदे केंद्राचे असल्याने त्यांना राज्यही हात लावू शकत नाही.

ही कुंपणे का हवीत, याचे उत्तर टेक्सासच्या इतिहासातच आहे. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरविला. १९५६ साली फोर्ट वर्थजवळील मॅन्सफिल्ड गावच्या हायस्कुलात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश द्यावा, असा केंद्रीय न्यायालयाचा आदेश झाला. शाळेपुढे गोऱ्यांचा जमाव जमला. गव्हर्नर ॲलन शिव्हर्स यांनी राज्याचे पोलीस पाठविले, पण मुलांना आत नेण्यासाठी नव्हे. त्यांनी त्या मुलांना डिस्ट्रिक्टबाहेर पाठविण्याच्या बाजूने कौल दिला. ती मुले पूर्वीप्रमाणे फोर्ट वर्थच्या शाळेत जात राहिली. मॅन्सफिल्डच्या शाळा सर्वांना खुल्या झाल्या त्या १९६५ साली. स्थानिक लोकांच्या इच्छेला मान द्यावा, हाच त्या काळच्या विरोधकांचा युक्तिवाद होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना, गावाऐवजी व्यक्ती हा घटक मानल्याबद्दल डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी समाधान व्यक्त केले होते. मॅन्सफिल्डची हकीकत वाचताना आम्हांला त्या भाषणाची आठवण झाली.

ह्यूस्टनची कथा याहून विचित्र आहे. राज्यातील हे सर्वांत मोठे डिस्ट्रिक्ट. तेथील शिक्षक संघटनांचा या सवलतीला विरोध होता. जून २०२३ मध्ये राज्याने निवडून आलेल्या विश्वस्तांना बाजूला सारून स्वतः नेमलेले मंडळ बसविले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्या मंडळाने सवलतीची योजना मंजूर केली. राज्याच्या नियमांतून मिळालेली ही ‘स्थानिक’ मोकळीक राज्यानेच नेमलेल्या माणसांनी घेतली!

दरम्यान विधिमंडळालाही प्रमाणपत्राच्या सवलतीचा पुनर्विचार करावा लागला. २०२५ च्या कायद्याने मूळ विषयांच्या वर्गांवर प्रमाणपत्र नसलेले शिक्षक नेमण्याची मोकळीक टप्प्याटप्प्याने आवळत आणली आहे.

तेथे राहणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. मंजुरीपूर्वी ही योजना तीस दिवस डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. शिक्षक आणि पालक ज्यात असतात त्या सल्लागार समितीने ती जाहीर सभेत बहुमताने संमत करावी लागते आणि विश्वस्त मंडळात तिला दोन तृतीयांश मते लागतात. मुदत संपून नूतनीकरण करताना योजना पुन्हा लोकांपुढे येते. त्या सभेला जावे, सूट घेतलेल्या नियमांची यादी वाचावी आणि आपल्या मुलाच्या वर्गावरील शिक्षक प्रमाणित आहे काय, हे तेथेच विचारावे.